पाटी आर्किटेक्टची, काम कोणाचं?

"आर्किटेक्चरचा डिप्लोमा? म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या ऑफिसात रेघाच ओढायच्या!" दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांत हे हमखास ऐकू येतं. बी.आर्क. नसेल तर सगळं फुकट, हा त्यामागचा हिशेब.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय नावामागे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही आणि डिप्लोमावर ती नोंदणी होत नाही. पण मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायदा उपाधी राखून ठेवतो, काम नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही अनुभवी डिप्लोमाधारकाला पर्यवेक्षकाचा परवाना मिळण्याची तरतूद आहे. ठरावीक मर्यादेतल्या घरांचे नकाशे तो मनपात दाखल करू शकतो.

आणि रेघांना एवढं नाक का मुरडायचं? जिन्याखाली डोक्याला जागा किती उरते, बाथरूमचा स्लॅब किती खाली घ्यायचा, खिडकीवरच्या छज्ज्यातून पाणी आत कसं येणार नाही, हे सगळं वर्किंग ड्रॉइंगमध्ये ठरतं. ते चुकलं की पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. शिवाय इमारत एकट्या रचनाकाराची नसतेच. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाज्यावरच्या कोरीव मजकुरात रचनाकार अताउल्लाबरोबर अभियंता हंसपत रायचंही नाव आहे. सतराव्या शतकात तो मकबरा बांधणाऱ्यांना जे कळत होतं, ते आपल्याला का कळू नये?

मात्र 'तीन महिन्यांत रेव्हिट, हातात पॅकेज' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्लासवाल्यांवरही विसंबू नका. ज्याने साइटवर सेंटरलाइन आखलेली पाहिली नाही, त्याचं मॉडेल पडद्यावर सुरेख आणि जमिनीवर निरुपयोगी. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात कारखाने उभे राहताहेत. तिथे हवा आहे तो ड्रॉइंग वाचून परिमाणं काढणारा आणि ठेकेदाराचं बिल तपासणारा माणूस.

पुढे शिकायचंच असेल तर बी.आर्क.ची वाट बंद नाही. दहावीनंतरची तीन वर्षांची, गणित असलेली पदविका प्रवेशाला चालते. पण पाच वर्षं पहिल्यापासून मोजावी लागतात. स्वतःच्या नावाने मोठी कामं करायची असतील तर ती जरूर मोजा. नुसत्या पाटीसाठी मात्र नकोत. तेवढ्या काळात इंटिरियर, बांधकाम व्यवस्थापन किंवा परिमाणमापन यांत चांगला जम बसतो.

पालकांनो, फी भरण्याआधी मुलाला एखादा मे महिना साइटवर पाठवा आणि मग त्यालाच विचारा.