विश्लेषण : आज संध्याकाळी शहरात काय आहे? मोबाइलवर उत्तर का सापडत नाही?

नाटक, व्याख्यान, गाण्याची मैफल, चित्रप्रदर्शन… मोठ्या शहरांत दररोज कुठे ना कुठे काहीतरी सुरू असते. त्याची यादी देणारी संकेतस्थळेही आहेत. मात्र त्यातली अनेक संकेतस्थळे कार्यालयातल्या मोठ्या पडद्यासाठी बनवलेली आहेत आणि ती उघडली जातात लोकलमध्ये किंवा बसथांब्यावर, एका हाताने. अशा संकेतस्थळांची फेररचना म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे. ती का आणि कशी व्हायला हवी?

अडचण नेमकी कुठे?

पहिली अडचण पोस्टरची. आयोजकाकडून आलेले पोस्टर जसेच्या तसे चढवले जाते किंवा महिन्याभराचे वेळापत्रक पीडीएफमध्ये टाकले जाते. मग तारीख वाचण्यासाठी दोन बोटांनी चित्र मोठे करायचे, डावीकडे-उजवीकडे सरकवायचे. चित्रातल्या मजकुरात शोध घेता येत नाही, तो कॉपी होत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या स्क्रीन रीडरलाही तो सहसा नीट वाचता येत नाही.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. पानाच्या कोडमध्ये ‘व्ह्यूपोर्ट’ टॅग नसेल, तर मोबाइलचा ब्राउझर ते पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरतो आणि आक्रसून दाखवतो. अक्षरे मुंगीएवढी होतात ती यामुळे.

‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणजे काय?

पडद्याच्या रुंदीप्रमाणे एकाच पानाची मांडणी बदलते, ती रिस्पॉन्सिव्ह रचना. इथन मार्कॉट या वेब डिझायनरने २०१० मध्ये ही संज्ञा रूढ केली. त्यामुळे मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ चालवावे लागत नाही. पण तीन रकाने एकाखाली एक आणले, म्हणजे काम झाले असे नाही. वरचा सरकता बॅनर, संस्थेचा परिचय आणि जाहिराती ओलांडल्यावर कार्यक्रम दिसणार असतील, तर पान मोबाइलवर मावले तरी उपयोगी ठरत नाही.

आधी काय दिसायला हवे?

काय, कधी, कुठे, किती रुपये आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार आहे का, ही पाच उत्तरे पहिल्याच पडद्यावर हवीत. त्यावर ‘आज’, ‘उद्या’, ‘शनिवार-रविवार’ आणि ‘मोफत’ अशी मोठी बटणे हवीत. पत्त्यावर बोट ठेवताच नकाशा उघडावा, क्रमांकावर ठेवताच फोन लागावा. होऊन गेलेले कार्यक्रम यादीतून आपोआप खाली जावेत.

वेगही महत्त्वाचा. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. मागाहून आलेल्या जाहिरातीमुळे पान हलते आणि ‘तिकीट’वर ठेवायचे बोट जाहिरातीवर पडते. असे पान हलणेही गुगल मोजते.

शोधात का सापडत नाही?

संकेतस्थळाची मोबाइलवरची आवृत्ती आधी वाचण्याचे धोरण गुगलने २०१६ मध्ये जाहीर केले. तो बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे संगणकावर दिसणारी, पण मोबाइलवर गाळलेली माहिती शोधातूनही गळू शकते.

त्यावर एक उपाय बिनखर्चाचा आहे. कार्यक्रमाचे नाव, वेळ आणि स्थळ ‘स्कीमा’ या ठरावीक साच्यात नोंदवले, की शोधयंत्राला तो कार्यक्रम आहे हे कळते. कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे ढकलला, हे सांगण्याची सोयही त्या साच्यात आहे. रद्द झालेल्या प्रयोगासाठी रिक्षाचे भाडे मोजून नाट्यगृहाच्या बंद दारापर्यंत गेलेला प्रेक्षक पुन्हा त्या यादीवर विश्वास ठेवत नाही.

मराठीचे काय?

युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मजकूर शोधात येत नाही. तो युनिकोडमध्ये आणावाच लागेल. वाचक ‘बालगंधर्व’ देवनागरीत शोधतो, तसा रोमन लिपीतही. दोन्ही चालले पाहिजे. इंग्रजीच्या मापाने ओळींमधले अंतर ठेवले, तर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात.

ज्येष्ठ वाचकांचा विचार वेगळा करायची गरज नाही. प्रमाणित निकष पाळले तरी पुरे. ‘डब्ल्यूसीएजी’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगभेद किमान ४.५ : १ हवा. फिकट राखाडी अक्षरे त्यात बसत नाहीत.

पणाला काय लागले आहे?

तिकीट विकणारी ॲप्स वापरायला सोपी आहेत. पण त्यांचा व्यवसाय तिकिटाचा. ज्या कार्यक्रमाला तिकीटच नाही, त्याला तिथे जागा मिळण्याचे कारण उरत नाही. पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमालेची परंपरा आहे. गावोगावच्या वाचनालयांतही व्याख्याने होतात. प्रायोगिक नाटकाचा एखादाच प्रयोग लागतो. अशा कार्यक्रमांना जाहिरातीचे बळ नसते. त्यांच्यासाठी कार्यक्रमांची यादी हा शहराचा सार्वजनिक फलक असतो. तो मोबाइलवर वाचता येत नसेल, तर सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्यांचा दोष प्रेक्षकांच्या अनास्थेला देणे अन्यायाचे आहे.

म्हणूनच फेररचनेचे सगळे पैसे डिझाइनवर घालवू नयेत. रोजची यादी तपासणारा, आयोजकांना फोन करणारा आणि ‘रद्द’ची खूण वेळेत लावणारा एक माणूस नेमावा. संकेतस्थळ सुंदर झाले आणि यादी गेल्या महिन्याची राहिली, तर वाचक पुन्हा फिरकणार नाही.