बापाची गोष्ट कशी सांगावी?

मायकेल ओंडाटजे म्हटलं की लोक 'द इंग्लिश पेशंट'चं नाव घेतात. घेणारच! १९९२ चं बुकर, १९९६ चा सिनेमा, त्याला ९ ऑस्कर, वर २०१८ मध्ये बुकरच्या पन्नाशीनिमित्त 'गोल्डन मॅन बुकर'ही. पण सुरुवात कुठून करू असं मला कुणी विचारलं, तर मी १९८२ च्या 'रनिंग इन द फॅमिली'चं नाव सांगेन. जेमतेम दोनशे पानांचं आठवणींचं पुस्तक.

ओंडाटजेचा जन्म १९४३ चा, कोलंबोचा. आईवडील वेगळे झाले आणि १९५४ मध्ये, अकराव्या वर्षी, तो बोटीने इंग्लंडला आईकडे गेला. १९६२ मध्ये कॅनडात पोचला. वडील, मर्विन, सिलोनमध्येच राहिले. दारूचं व्यसन. मोठेपणी बापलेकांचं नीट बोलणं झालंच नाही. वडील गेल्यावर त्याने त्यांच्यावर कविता लिहिली. ती १९७३ च्या 'रॅट जेली'त आहे. पण कवितेने भागलं नसावं, कारण १९७८ आणि १९८० मध्ये तो श्रीलंकेला गेला आणि म्हाताऱ्या नातेवाइकांसमोर बसून गोष्टी गोळा करत राहिला.

आणि काय एकेक गोष्टी! दारूच्या नशेत रेल्वेगाडी वेठीला धरणारे वडील. पुरात वाहून जाणारी आजी, आणि तिच्या मरणाचं वर्णन असं, की जणू सहलच. खरं किती, तिखटमीठ किती, कळत नाही. लेखकही ते लपवत नाही. पण शेवटाकडे, रात्री एकटे बाटली घेऊन बसलेले वडील तो निव्वळ कल्पनेने उभे करतो तेव्हा हसू कुठल्या कुठे जातं. जे बोलणं राहून गेलं, ते हा मुलगा पुस्तकात करतोय हे लक्षात येतं.

यावर आक्षेप ठरलेला: आठवणी म्हणायच्या आणि कल्पना लढवायची, हे चालतं का? माझ्या मते चालतं, पण सगळीकडे नाही. आणि हा फरक ओंडाटजेनेच दाखवलाय. २००० च्या 'अनिल्स घोस्ट'मध्ये श्रीलंकेतल्या यादवीचा काळ आहे. त्यातली अनिल एका सांगाड्याची ओळख पटवायला धडपडते. तिथे दंतकथा नको असते. हाडं कुणाची, माणूस कसा मेला, याचं नेमकं उत्तर हवं असतं, कारण ते उत्तर कुणीतरी मुद्दाम दडपलेलं असतं. घरातल्या माणसाबद्दल कुणी पुरावा दडपलेला नसतो, फक्त सगळे गप्प असतात. ती गप्प बसण्याची सवय मोडायला थोडी अतिशयोक्ती चालते, असं मला वाटतं. अट एकच, सांगणाऱ्याने ती खपवायची नाही, उघड ठेवायची. २०११ च्या 'द कॅट्स टेबल'मध्ये बोटीवरच्या मुलाचं नावही मायकेलच आहे, पण ही कादंबरी आहे हे तो स्पष्ट सांगतो.

आपल्याकडे हे नवीन नाही हो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याचा तापटपणा असा सांगितलाय की आपण हसतो, पण त्यांना काय सोसावं लागलं तेही विसरत नाही. आणि टिळकही लहान होत नाहीत. मग पुढच्या पिढ्यांनी एवढं सोवळं का पाळावं? माणूस गेला की फोटोला हार घालायचा आणि त्याच्या आयुष्यातला अर्धा भाग कपाटात बंद. आमच्या घरातही एक काका आहेत, ज्यांच्याबद्दल दोनच वाक्यं ऐकू येतात: "स्वभावाने फार चांगले होते" आणि "जाऊ दे". या दोन वाक्यांच्या मधे एक अख्खा माणूस हरवलाय. त्याचं व्यसन लपवताना त्याचे विनोद, त्याचं गाणं, सगळंच लपलं. ही बदनामीपेक्षा मोठी हानी आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणून हे वाचणाऱ्या आत्या, मावश्या, काकवा यांना एक विनंती. ज्या गोष्टी "जाऊ दे" म्हणून सोडल्यात, त्या सांगा. तिखटमीठ लावून सांगितल्या तरी चालेल, फक्त कुठे लावलंय ते सांगा. सांगणारे आहेत तोवरच हे जमणार आहे.

असो. पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. आणि कसं वाटलं ते कळवा.