पहिले नाव अनिल कुमारांचे

परदेशस्थ भारतीयास नोबेल मिळाले की आपल्याकडे पेढे वाटले जातात. परदेशी संशोधन करून मायदेशी परतलेल्याची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्य केलेले प्रा. अनिल कुमार हे त्याचे ठळक उदाहरण. झ्युरिक येथे रिचर्ड अर्न्स्ट यांच्यासमवेत १९७५ साली त्यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवण्याची जी पद्धत मांडली, तिच्याच सुधारित रूपावर आजचे एमआरआय यंत्र चालते. १९८० साली अर्न्स्ट व कुर्ट व्यूथ्रिख यांच्यासह त्यांनी प्रथिनांसाठी द्विमितीय प्रयोग सिद्ध केला. रेणूच्या साखळीत दूर असलेले, परंतु घडी पडल्याने सुमारे ५ अँगस्ट्रॉमच्या आत आलेले हायड्रोजन अणू त्यात एकमेकांची चाहूल देतात. अशी शेकडो अंतरे जुळवली की प्रथिनाचा आकार उलगडतो. तोही स्फटिक न बनवता, द्रावणातच. दोन्ही शोधनिबंधांवर पहिले नाव अनिल कुमारांचे!

अर्न्स्ट यांना १९९१ साली, व्यूथ्रिख यांना २००२ साली नोबेल मिळाले. त्यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. दोघांचीही साधना प्रदीर्घ होती. प्रश्न आपला आहे. बंगळुरूत याच तंत्राने क्वांटम संगणनाचे प्रयोग करणाऱ्या या संशोधकाला ओळखण्यासाठी आपल्याला स्टॉकहोमची मोहोर का लागावी?