फुकटच्या विश्वासाचा हप्ता

‘कंपन्यांच्या पगारावर लिनक्स लिहिलं जातं, मग विकिपीडिया लिहिला तर बिघडलं कुठे?’ माझ्या क्षेत्रातले मित्र हा प्रश्न विचारून वाद जिंकल्यासारखे हसतात. बिघडतं ते असं. कोडमधली चूक कधीतरी फुटते, आणि ती घुसवणाऱ्या कंपनीचेही सर्व्हर पाडते. ज्ञानकोशातून कोर्टकेसचा परिच्छेद गायब झाला तर कुठलीच एरर येत नाही. लेख उलट आधीपेक्षा गुळगुळीत दिसतो.

२०१५ चं ऑरेंजमूडी प्रकरण बघा. इंग्रजी विकिपीडियाने तेव्हा ३८१ खाती बंद केली. ही टोळी नाकारले गेलेले लेख हेरायची, ज्यांच्यावर ते लेख होते त्यांना गाठायची, पैसे घेऊन लेख चढवायची; आणि मग तो पुसला जाऊ नये म्हणून पुन्हा पैसे मागायची. सरळ शब्दांत हप्ता. विकत काय होती, तर स्वयंसेवकांनी फुकट राबून कमावलेला विश्वास!

पैसे घेत असाल तर कोणाकडून ते जाहीर करा, असा नियम २०१४ पासून आहे. प्रामाणिक माणूस तो पाळतो. बाकीचे नवं खातं उघडतात. त्यांना शोधायला बसतो कोण? दिवसभर नोकरी करून रात्री जागणारा कुणीतरी. समोरचा मात्र तासाचे पैसे लावून बसलेला. मराठी विकिपीडियावर तर असे जागणारे इंग्रजीच्या मानाने फारच थोडे.

तेव्हा ‘विकिपीडिया पेज करून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीला माझा एकच प्रश्न आहे: तुमचं खातं कोणतं? नाव सांगा. मी ‘इतिहास पहा’ उघडून बसलोय.