दीक्षाभूमीला जाता, मग जुनापाणीला का नाही?

सोलापूरच्या वस्त्यावस्त्यांतून दरवर्षी बांधव दीक्षाभूमीला जातात. अभिवादन करतात, पुस्तके घेतात, परतीची गाडी पकडतात. तरुणांनो, एक सवाल आहे : त्याच नागपूरलगत काटोल रस्त्याकडचे जुनापाणी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले?

तिथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात माणसांनी मोठमोठे दगड गोलाकार मांडून आपल्या मृतांची स्मारके उभारली. काही दगडांवर वाटीसारखे खड्डे ओळीने कोरलेले आहेत. जवळच्या माहुरझरीला अशाच वर्तुळांत घोड्यांचे सांगाडे आणि तांब्याचे अलंकार सापडले. नाईकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी. दगड ओढणारे, धातू गाळणारे हे हात मनुस्मृतीच्या आधीचे आहेत. चातुर्वर्ण्य अनादी आहे म्हणणाऱ्याने या मातीतून तसा पुरावा काढून दाखवावा. दाखवण्याची जबाबदारी त्याची, आपली नाही.

पुराव्याविना मालकी सांगण्याची खोड जुनी आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत, भिंतीवर दानाचे शिलालेख आहेत, तरी लोकांच्या तोंडी नाव काय? पांडवलेणी!

मग आपणही तेच करायचे? बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूरचा संबंध नाग लोकांशी जोडला. म्हणून जुनापाणीचे दगड थेट नागांचे ठरवायचे काय? दगडांवर तसे लिहिलेले नाही. 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यता वंशभेदातून आली हे मत फेटाळले, ते नाकाच्या मापांची आकडेवारी तपासून. आपली परंपरा ही आहे. दगडाला निळा रंग फासणे हे शेंदूर फासण्याइतकेच चूक.

तेव्हा यंदा एक दिवस जास्त काढा. शेवटचा टप्पा पायी चाला. गाडीच्या काचेतून ही वर्तुळे कळत नाहीत. फुले वाहू नका, नाव कोरू नका, दगड हलवू नका. बघा, मोजा, वहीत लिहा.

आणि परतल्यावर आपल्या गावच्या वेशीवरचे वीरगळही तसेच नोंदवा. हत्तरसंग कुडलचा १०१८ सालचा मराठी शिलालेख सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी जगापुढे आणला, तो गावोगाव हिंडून. आपल्याला कुणी अडवले आहे? आपण नोंद ठेवली नाही, तर दुसरा कुणी येऊन नाव देईल. मग तक्रार करू नका.

जय भीम!