एकच धूळ, दोन वेगळे कर्करोग

अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम जाहीर केला. आपल्याकडे मात्र ते आजही आयात होते आणि मुख्यतः छपराच्या सिमेंट पत्र्यांत वापरले जाते. त्यामुळे या धुळीने होणाऱ्या दोन प्रमुख कर्करोगांतला फरक तुम्हाला माहीत असायला हवा.

पहिला, फुप्फुसाचा कर्करोग. अनेक वर्षे भरपूर धूळ श्वासात गेली, तर याचा धोका वाढतो. सोबत विडी-सिगारेट असेल तर तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून अशा कामगाराने धूम्रपान आज सोडले तरी फायदा होतोच.

दुसरा, मेसोथेलिओमा. तो फुप्फुसाच्या, कधी पोटातल्या अवयवांच्या आवरणात होतो. धूम्रपानाचा त्याच्याशी संबंध नाही. तुलनेने कमी धुळीनेही तो होऊ शकतो. कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही तो झालेला आहे. काम केल्यापासून तो दिसेपर्यंत बहुधा ३० ते ४० वर्षे जातात, म्हणजे रुग्ण तोवर निवृत्त झालेला असतो.

लक्षणेही थोडी वेगळी असतात. फुप्फुसाच्या कर्करोगात न थांबणारा खोकला, थुंकीतून रक्त. मेसोथेलिओमात एका बाजूला छातीत दुखणे, धाप आणि छातीत पाणी. छातीत पाणी म्हटले की आपल्याकडे आधी टीबीचा विचार होतो आणि ते योग्यच आहे. पण उपचार करूनही पाणी पुन्हा भरत असेल, तर जुन्या कामाची माहिती डॉक्टरांना आपणहून सांगा. नुसत्या पाण्याच्या तपासणीत निदान अनेकदा होत नाही, आवरणाचा तुकडा तपासावा लागतो.

घरावरचा धड पत्रा पाहून घाबरू नका. धोका तो कापताना, भोके पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीचा असतो. जुना पत्रा काढायचाच असेल तर आधी ओला करून घ्या आणि कोरडा झाडू मारू नका.

हे दोन्ही कर्करोग कामामुळे झाले असतील तर भरपाईच्या कायद्यात ते व्यवसायजन्य आजार मानले जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला होता. म्हणून कारखान्याचे ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, जुने एक्स-रे फेकू नका. निदानाला आणि हक्काच्या भरपाईला तेच उपयोगी पडतात.