डाग आणि लांछन

मराठीत ‘लांछन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नुसती खूण, दुसरा कलंक. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती ज्या चिन्हांवरून ओळखतात त्यांनाही लांछनच म्हणतात. ऋषभनाथांचा बैल, महावीरांचा सिंह. तिथे या शब्दाला कसलाही बट्टा नाही. पण तान्ह्या मुलीच्या गालावर लाल डाग दिसला, की घरात दुसराच अर्थ पुढे येतो. ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?’ असे बाळंतिणीला विचारले जाते आणि ती बिचारी आठवू लागते.

आठवण्यासारखे काही नसते. ‘पोर्ट वाइन स्टेन’ नावाचा हा डाग म्हणजे कातडीतल्या रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. हजार बालकांत साधारण तिघांना तो असतो. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या जनुकात आपोआप झालेला बदल बहुधा त्याच्या मुळाशी असतो, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले. तो आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही आणि विळीवर चिरलेल्या भाजीतून तर मुळीच येत नाही.

यावरच्या लेसर उपचाराचे तत्त्व १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी मांडले. रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेईल अशा रंगाचा प्रकाश क्षणाच्याही लहानशा अंशापुरता सोडायचा. रक्तवाहिनी तापून निकामी होते, भोवतालची कातडी बचावते. आधीच्या आर्गॉन लेसरने व्रण राहत. या तत्त्वावरच्या ‘पल्स्ड डाय लेसर’ने तो धोका पुष्कळ कमी झाला.

तरी ही जादू नव्हे. अनेक बैठका लागतात. डाग बहुधा फिका होतो, पुरता जाईलच असे नाही. काही वर्षांनी तो पुन्हा गडदही होऊ शकतो. शिवाय आपल्या सावळ्या कातडीतले मेलॅनिनही तोच प्रकाश शोषते, म्हणून काळे-पांढरे चट्टे टाळायला अनुभवी हात हवा. ‘डाग गायब’ अशी हमी देणाऱ्यापेक्षा हे सारे आधी समजावून सांगणारा डॉक्टर बरा. शिवाय प्रत्येक लाल डाग हाच नसतो. जन्मानंतर काही आठवड्यांनी उगवणारी, स्ट्रॉबेरीसारखी फुगीर गाठ वेगळी. ती वाढते आणि पुढे बहुधा आपणहून ओसरते.

आपल्याकडे हा डाग खुपू लागतो तो मुलीचे स्थळ पाहायच्या वेळी. मुलाचा तर तेव्हाही नाही. तोवर वीस-बावीस वर्षे उलटलेली असतात. वयाबरोबर डाग जांभळा, जाड, गाठाळ होऊ शकतो. म्हणून बहुतेक तज्ज्ञ उपचार लहानपणीच सुरू करायला सांगतात. तेव्हा कातडी पातळ असते आणि डागही लहान असतो. डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल, तर काचबिंदू आणि फिट्स यांसाठी तपासणी करून घ्यावी लागते. म्हणजे प्रश्न केवळ रूपाचा नाही.

विम्याची कलमे मात्र तसे मानत नाहीत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातले अपवाद एकसारखे केले. त्यांत रूप बदलण्यासाठी केलेले उपचार वगळलेले आहेत. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना, अथवा थेट आणि तातडीचा धोका असेल तरच सूट. कलमे वाचण्यात माझी बँकेतली हयात गेली, त्यामुळे यातली गोम चटकन दिसते. पुढे भाजलेला चेहरा पूर्ववत करणे ही गरज आणि जन्मतःच तसा मिळालेला चेहरा सुधारणे ही हौस! बाळाने कोणती हौस केली? त्या यादीत जन्मजात डागांची एक ओळ वाढवली, तर कितीतरी आईबापांना दागिना मोडावा लागणार नाही.

मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या डोक्यावरचा असाच डाग सुरुवातीच्या अधिकृत छायाचित्रांतून पुसून टाकलेला असे. पुढे जगाने त्यांना डागासकट पाहिले आणि त्यांचे काही अडले नाही. तेव्हा जाणत्या वयात एखादीने ‘राहू दे, माझाच आहे’ म्हटले, तर तोही तिचा हक्क. पण उपाय परवडला नाही म्हणून राहिलेला डाग आणि आपल्या मर्जीने ठेवलेला डाग यांत फरक आहे. तो फरक पैशाने ठरू नये, एवढेच म्हणणे. आणि बाळंतिणीला ग्रहणाचे विचारणे आजच थांबवता येईल. त्याला विमा लागत नाही.